चंद्रपूर-गडचिरोलीच्या धुळीत कारचा रंग घरच्या घरी कसा जपायचा? संपूर्ण माहिती

नवीन मोबाईल घेतला की आपण दुकानातच स्क्रीन गार्ड लावून घेतो. पण लाखो रुपयांची कार दारात आली की रोज सकाळी खांद्यावरचा दुपट्टा काढायचा आणि कोरडीच पुसायची! दोन वर्षांनी उन्हात बघितलं तर बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल-गोल रेषा दिसतात. मग आपण म्हणतो, "कंपनीचा रंगच हलका आहे." खरं तर बहुतेक वेळा तो रंग आपणच घासून खराब केलेला असतो.

आजच्या लेखात कारचा रंग कसा बनलेला असतो, आपल्या भागात तो कशामुळे खराब होतो, घरी कार कशी धुवायची आणि वॅक्स, सिरॅमिक कोटिंग, पीपीएफ यातलं काय घ्यायचं, हे सगळं बघूया.

कारच्या रंगात किती थर असतात?

पत्र्यावर सगळ्यात खाली गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, मग रंगाचा थर आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. चमक आणि उन्हापासून संरक्षण हे काम क्लिअर कोटचं. हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन भरतात आणि त्यात क्लिअर कोट फक्त ३० ते ५० मायक्रॉन असतो. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉनचा, म्हणजे क्लिअर कोट त्याच्याहूनही पातळ!

महत्त्वाची गोष्ट अशी की क्लिअर कोट परत वाढत नाही. पॉलिश केल्यावर ओरखडे जातात, कारण पॉलिश आजूबाजूचा क्लिअर कोट थोडा घासून सपाट करते. दर महिन्याला पॉलिश म्हणजे दर महिन्याला तो थर पातळ करणं. तो संपला की फक्त नवीन पेंट हाच उपाय उरतो.

आपल्या भागात रंग कशाने खराब होतो?

१) कोळसा आणि राख: दुर्गापूरचं महाऔष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॅटचं आहे. शिवाय घुग्घुस, सास्ती, पद्मापूर भागात कोळशाच्या खाणी आहेत. राखेतले सिलिका आणि ॲल्युमिनाचे कण क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कडक असतात. कोरड्या फडक्याने पुसलं की ते सँडपेपरसारखं काम करतात.

२) सिमेंटची धूळ: गडचांदूरकडे राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. ही धूळ अल्कधर्मी असते आणि हिवाळ्यातल्या दवाने ओली झाली की काचेवर, बोनेटवर घट्ट बसते.

३) लाल धूळ: एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या लोहखनिजाची वाहतूक ज्या रस्त्यांवरून होते, तिथे गाड्यांवर लाल थर बसतो. लोहखनिजाचे कणही कडकच. त्यात ट्रकच्या चाकाखालून उडणारे खडे वेगळे.

४) जंगल: मार्च-एप्रिलमध्ये मोहाच्या झाडाखाली कार लावली की गोड, चिकट फुलं छतावर पडतात. झाडाचा चीक, किडे आणि पक्ष्यांची विष्ठा असतेच. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की तापलेला क्लिअर कोट नरम पडतो. त्यावर विष्ठा वाळून आकसते आणि कायमचा डाग उमटतो.

५) बोअरचं पाणी: बोअरच्या जड पाण्यात क्षार जास्त असतात. उन्हात पाणी वाळलं की पांढरे गोल डाग राहतात.

कार धुण्याची योग्य पद्धत

काय लागेल? दोन बादल्या, पीएच न्यूट्रल कार शॅम्पू, मायक्रोफायबरचा वॉश मिट, चाकांसाठी वेगळा ब्रश आणि पुसायला जाड मायक्रोफायबर टॉवेल. कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचं लिक्विड वापरू नका, त्याने आधी लावलेलं वॅक्स निघून जातं. केरोसीन किंवा डिझेलने पुसणं तर बंदच करा. दोन तास चमक दिसते, पण तेलकट थरावर धूळ आणखी चिकटते आणि रबर खराब होतं.

पायरी १: सूर्य उगवायच्या आसपास किंवा संध्याकाळी, सावलीत धुवा. बोनेटला हात लावून बघा. गरम लागलं तर थांबा.

पायरी २: सगळ्यात आधी चाकं धुवून घ्या. तिथली घाण सर्वात जास्त आणि ब्रेकच्या लोखंडी कणांची असते. चाकांचा ब्रश बॉडीला लावायचा नाही.

पायरी ३: बॉडीला हात न लावता फक्त पाणी मारा. वरून खाली या. निम्मं काम इथेच होतं, कारण सुटी धूळ वाहून जाते. पाइप नसेल तर मगने ओता, पण ही पायरी चुकवू नका.

पायरी ४: एका बादलीत शॅम्पूचं पाणी, दुसऱ्यात साधं पाणी. मिट शॅम्पूत बुडवा, एक भाग धुवा, मग साध्या पाण्यात खळबळून घ्या आणि पुन्हा शॅम्पूत बुडवा. छत, काचा, बोनेट, दरवाजे आणि शेवटी खालचा भाग, असा क्रम ठेवा. हात गोल न फिरवता सरळ रेषेत चालवा.

पायरी ५: धुतल्यावर लगेच टॉवेलने पाणी टिपून घ्या. बोअरचं पाणी असेल तर शेवटची एक बादली नळाच्या किंवा आरओच्या पाण्याची ओता.

आणि हो, कार धुवायला नदीत किंवा नाल्यात नेऊ नका. शॅम्पू, तेल, ब्रेकची धूळ सगळं त्याच पाण्यात जातं आणि पुढे जनावरं तेच पाणी पितात.

डाग पडलाच तर?

• पक्ष्यांची विष्ठा किंवा चीक: ओला फडका पाच-दहा मिनिटं वर ठेवा, नरम झाल्यावर उचला. खरवडू नका.
• सिमेंटचा थर किंवा पाण्याचे डाग: पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घ्या. आधी कोपऱ्यात लावून बघा. एक-दोन मिनिटांत भरपूर पाण्याने धुवा, उन्हात वाळू देऊ नका.
• धुतल्यावरही खरखरीत लागतं: बोटांवर प्लास्टिकची पातळ पिशवी घालून बोनेटवर हात फिरवा. कण लगेच जाणवतील. क्ले बार आणि भरपूर शॅम्पूचं पाणी घेऊन हलक्या हाताने काढा. क्ले खाली पडला तर तो तुकडा फेकून द्या.
• खडा लागून टवका उडाला: पत्रा दिसत असेल तर पावसाळ्याआधी टच-अप पेंट लावा, नाहीतर तिथून गंज सुरू होतो. रंगाचा कोड दरवाज्याच्या खांबावर किंवा बोनेटखालच्या स्टिकरवर असतो.

वॅक्स, सीलंट, सिरॅमिक की पीपीएफ?

वॅक्स: कार्नोबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून बनतं. लावायला सोपं आणि स्वस्त, पण आपल्या उन्हात महिना-दोन महिनेच टिकतं.

सीलंट: हे कृत्रिम पॉलिमर असतं. साधारण चार ते सहा महिने टिकतं. घरी करणाऱ्यांसाठी सगळ्यात व्यवहारी पर्याय हाच.

सिरॅमिक कोटिंग: मोबाईलच्या काचेवर बोटांचे ठसे कमी उमटावेत म्हणून थर असतो ना, त्याच्यासारखं समजा. पाणी आणि घाण चिकटत नाही, एक ते तीन वर्षं चालतं. पण खडा लागला तर वाचवत नाही.

पीपीएफ: हा कारचा खरा स्क्रीन गार्ड. साधारण १५० ते २०० मायक्रॉन जाड पारदर्शक फिल्म असते. खड्यांचा मार झेलते आणि उन्हाच्या गरमीने बारीक ओरखडे भरून काढते. महाग आहे, पण ट्रकच्या रस्त्यावर रोज जात असाल तर निदान पुढचा बंपर आणि बोनेटचा पुढचा भाग करून घ्या.

"९एच" म्हणजे हिऱ्याच्या खालोखाल कडक?

ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त कोटिंगच्या बाटलीवर ९एच लिहिलेलं असतं. अनेकांना वाटतं की हिरा १०, म्हणून हे ९. तसं नाही! हिऱ्याचं १० हे खनिजांच्या मोह्स मापावरचं आहे. ९एच ही पेन्सिलची चाचणी आहे, म्हणजे ९एच दर्जाच्या कडक पेन्सिलने ओरखडा पडला नाही एवढाच त्याचा अर्थ. राखेतले, वाळूतले कण त्याहून कडक असू शकतात. म्हणून कोटिंग केलं तरी कोरडं पुसायचं नाहीच.

मोबाईलचा उपयोग करा

रात्री मोबाईलचा टॉर्च बोनेटवर तिरका धरा. गोल रेषा लगेच दिसतील. जुनी कार घेताना ही तपासणी नक्की करा. सीलंट लावल्याच्या दिवशी फोटो काढा आणि चार महिन्यांनंतरचा रिमाइंडर लावून ठेवा. पाणी मारल्यावर थेंब गोल न होता पसरायला लागले, तर सीलंट संपलं समजा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रोज कार पुसली नाही तर चालेल का? हो. धूळ नुसती बसून राहिली तर फारसं बिघडत नाही, कोरडी घासली की बिघडतं. आठ-दहा दिवसांनी नीट धुवा.

दसऱ्याच्या पूजेनंतर काय करावं? हळद-कुंकू, नारळाचं पाणी आणि हाराची चिकटपट्टी त्याच संध्याकाळी ओल्या मऊ फडक्याने काढा. हळदीचा डाग मुरला की जड जातो.

कव्हर घालावं का? कार स्वच्छ असेल तरच. धुळीवर कव्हर घातलं आणि वारा सुटला की कव्हरच रंग घासतं.

थोडक्यात काय, तर मित्रांनो, महागड्या बाटलीपेक्षा दोन बादल्या आणि थोडा धीर जास्त कामाला येतो. उद्या सकाळी फडकं हातात घ्यायच्या आधी एक मग पाणी ओता, सुरुवात तिथूनच होईल. ही माहिती घरात जो कोणी रोज कार पुसतो, त्याला नक्की वाचायला द्या!