अर्ध्या आण्यात अख्खा देश

आज एक छोटासा हिशोब करूया.

साल १८३७. कलकत्त्याहून मुंबईला पत्र पाठवायचंय. वजन एक तोळा, म्हणजे साडेअकरा ग्रॅमच्या आसपास. खर्च किती? एक रुपया! तेच पत्र आग्र्याला गेलं तर बारा आणे. म्हणजे पैसे वजनाचे होतेच, वर अंतराचेही होते. माणूस जितका लांब, तितकं त्याला लिहिणं महाग. आणि पत्राची गरज तर लांब गेलेल्यालाच जास्त, नाही का?

१ ऑक्टोबर १८५४ पासून हे बदललं. नव्या टपाल कायद्याने पत्रासाठी अंतराचा हिशोबच काढून टाकला. पाव तोळ्यापर्यंत अर्धा आणा, अर्ध्या तोळ्यापर्यंत एक आणा, तोळ्यापर्यंत दोन आणे. मग पत्र शेजारच्या गावी जावो, नाहीतर हजार मैलांवर. कलकत्ता-मुंबईचे सोळा आणे थेट दोन आण्यांवर आले!

तिकिटंही याच दरांना जुळणारी निघाली. अर्धा आणा निळं, एक आणा लाल, दोन आणे हिरवं. पोस्टात अर्ध्या आण्याचा अख्खा कागद यायचा, त्यावर ९६ तिकिटं. गंमत म्हणजे मधे भोकंच नव्हती! कात्री घ्यायची आणि कापायचं. म्हणून आजही चारही बाजूंना नीट मोकळी कड राहिलेलं तिकीट मिळालं की संग्राहक खूश होतात. भोकं पाडलेली, सहज फाडता येणारी तिकिटं १८५५ पासून लंडनहून छापून येऊ लागली.

तिकीट न लावता पत्र टाकलं तर? घेणाऱ्याकडून दुप्पट वसुली. त्यामुळे आधी तिकीट घेणंच परवडायचं.

पण खरी स्वस्ताई आली १८७९ मध्ये. पोस्टकार्ड! किंमत पाव आणा. कागद, पाकीट, तिकीट सगळं एकातच. मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्या कोकणातल्या चाकरमान्याला आता घरी 'पोचलो, खुशाल आहे' एवढं कळवायला पाकीटही लागत नव्हतं.

आज आपण मेसेज पाठवताना समोरचा किती किलोमीटरवर आहे याचा विचारही करत नाही. तो विचार आपल्याकडे पहिल्यांदा पुसला, तो त्या अर्ध्या आण्याच्या निळ्या तिकिटाने.

घरात आजोबांची जुनी पत्रं असतील तर आज एकदा काढा. मजकूर वाचाच, पण तिकिटावरचा आकडाही बघा. भेटूया पुढच्या भागात!