पांढऱ्या पट्ट्यांचं चिलट

१९७२चा हिवाळा आहे आणि तुम्ही पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या निमोण्याच्या शिवारात उभे आहात. रब्बीची ज्वारी या दिवसांत पोटऱ्यात यायची. यंदा ढेकळं तशीच पडली आहेत. पाऊस गेला तो गेलाच. गावातली माणसं दुष्काळी कामावर आहेत. हातोड्याखाली दगड फुटतो, बाया घमेल्यांनी खडी वाहतात, मुकादम हजेरी घेतो. पोरांच्या हातात सुकडी. घरी भाकरी थापायची ती अमेरिकेहून आलेल्या लाल मिलोची. घोड नदीच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळू जास्त.

तुमच्या पिशवीत एक काचेची बाटली आहे. तळाशी पिकून काळं पडलेलं केळं, तोंडाला कापसाचा बोळा. बोळा काढून बाटली सावलीत ठेवली की तासाभरात आत चिलटं जमतात. अशा सालात चिलटं गोळा करणाऱ्याकडे माणसं बघतात, आणि त्यांनी बघावंच. तुम्ही मान खाली घालून बोळा परत लावता आणि शिरूरहून पुण्याची एसटी धरता.

पुण्यात गोडबोले आणि वैद्य हे दोन अभ्यासक शहरातल्या आणि आसपासच्या ड्रोसोफिलिडी कुळातल्या माश्यांची पद्धतशीर नोंद करत आहेत. तसंच काम आज तुम्हाला करायचं आहे. रवा, गूळ, अगर आणि यीस्ट शिजवून केलेल्या खाद्याच्या बाटल्या ओळीनं मांडल्या आहेत. त्यांत चिलटांच्या पिढ्या वाढतात. तुम्ही ईथरचा बोळा दाखवता, माश्या निपचित पडतात, आणि ब्रशच्या टोकानं त्यातली एक तुम्ही भिंगाखाली सरकवता.

जेमतेम तीन मिलीमीटरचा तांबूस-पिवळा देह, लाल डोळे. कपाळापासून पाठीच्या टोकापर्यंत रुपेरी पांढरे पट्टे गेलेले, प्रत्येकाच्या दोन्ही कडांना काळी रेघ. नुसत्या डोळ्यांना हे एरवीचंच चिलट दिसतं. भिंगाखाली मात्र नजर हलत नाही. एवढ्याशा पाठीवर इतकी स्वच्छ आखणी! सौंदर्य बघायला मोर लागत नाही, असं मला मनापासून वाटतं.

पण सुंदर दिसली म्हणून जाती नवी ठरत नाही. पुढच्या पायाच्या मांडीवरचे काटे मोजा. पंखाच्या शिरांची लांबी मोजून त्यांचं गुणोत्तर काढा. डोक्यावरचा प्रत्येक केस कुठे उगवतो, कुठे झुकतो, ते लिहा. अंडं बघा: त्याला चार बारीक तंतू असतात. मग सगळ्यात नाजूक काम. नराचा मागचा भाग कॉस्टिक पोटॅशमध्ये मऊ करून सुईनं मोकळा करायचा आणि कॅमेरा ल्युसिडातून त्याची आकृती काढायची. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन जाती बहुतेक वेळा इथेच वेगळ्या निघतात. शेवटी एक नमुना आधार म्हणून जपायचा आणि त्याला चिठ्ठी लावायची: गाव, तारीख, पकडणाऱ्याचं नाव.

गोडबोले आणि वैद्य यांनी १९७२मध्ये ही माशी नवी जाती म्हणून प्रसिद्ध केली. नाव दिलं झाप्रिओनस पॅराव्हिटिजर. झाप्रिओनस ही प्रजाती कोकिलेट यांनी १९०१मध्ये आफ्रिकेतल्या माश्यांवरून मांडली होती. नवी माशी त्यांच्याच व्हिटिजर या जातीच्या जवळची होती.

आता दोन वर्षं मागे या. १९७०मध्ये बनारसच्या गुप्ता यांनी भारतातल्याच एका माशीचं वर्णन छापलं आहे: झाप्रिओनस इंडियानस. तेच पट्टे, तेच काटे. पुढे अभ्यासकांनी नमुने ताडून पाहिले तेव्हा दोन्ही माश्या एकच निघाल्या. १९८०मध्ये साकास यांनी दिलेलं कोलार्टी हे तिसरं नावही तिचंच ठरलं. नियम सरळ आहे: आधीचं नाव टिकतं. इंडियानस राहिलं. आणि ही माशी मुळात आफ्रिकेची.

म्हणजे पुण्याचं काम फुकट गेलं? मला ते मुळीच पटत नाही, आणि का, ते बघायला तुम्हाला फार मागे जावं लागेल.

निमोण्याहून घोड नदीच्या धारेनं खाली गेलं की इनामगाव लागतं. १९६८पासून डेक्कन कॉलेजचे सांकळिया, ढवळीकर, अन्सारी तिथली पांढर खणत आहेत. त्यांच्या चरात उतरा आणि तीन हजार वर्षं मागे या. बांध घालून नदीचं पाणी शेताला वळवलं आहे. आवारात जव सुकतोय, बोरं वाळत पडली आहेत. मेलेली तान्ही मुलं रांजणांत घालून घराच्या भुईतच पुरतात. इसवी सनापूर्वी १०००च्या पुढे हवा कोरडी होत जाते. ऐसपैस चौकोनी घरं मोडतात, त्यांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात. दुष्काळ या मातीला नवा नाही. जळका जव, बोराची आठळी, लेकराची हाडं मातीनं राखली, म्हणून आपल्याला हे कळतं. त्या बोरांवर चिलटं घोंघावत असणारच, पण त्यांचं मातीत काही उरत नाही. चिलटाला इतिहास मिळतो तो चिठ्ठीमुळेच.

आता १९९९मध्ये या. ब्राझीलच्या साओ पावलो राज्यात, वालिन्होसच्या जांभळ्या अंजिरांच्या बागेत उभे राहा. फळ झाडावर आहे, पुरतं पिकलेलंही नाही, आणि त्याच्या तळाच्या डोळ्यापाशी पट्टेवाली माशी अंडी घालते आहे. अळ्या आत शिरतात, यीस्ट आणि जिवाणू सोबत जातात, गर आंबतो. बागायतदारांचं मोठं नुकसान झालं. ही आली कुठून, हा प्रश्न पडल्यावर शास्त्रज्ञांना जुन्या नोंदीच उघडाव्या लागल्या: कोणत्या साली, कोणत्या देशात, कोणत्या फळावर. १९७०च्या आसपास ती बनारसच्या आणि पुण्याच्या अभ्यासकांच्या भिंगाखाली होती, हे त्या नोंदींमुळेच ठाऊक आहे. पॅराव्हिटिजर हे नाव मागे पडलं, पण त्याच नावानं आपल्याकडच्या प्रयोगशाळांनी तिच्या वार्धक्याचा अभ्यास केला. ते निबंधही आज तिच्या खात्यात जमा आहेत. २००५मध्ये ती फ्लोरिडात पोचली.

आणि आज. शेजारच्या दौंड तालुक्यात खोरला मीठा बहाराचं अंजीर उतरतं. डोंगरापलीकडच्या पुरंदरच्या अंजिराला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्याकडे ही माशी बहुधा फुटलेल्या, खाली पडलेल्या फळाशी येते. म्हणून पडलेलं फळ उचलून खोल पुरावं, बागेच्या कडेला ढीग घालू नये.

पुरण्याआधी मात्र दोन-चार माश्या स्पिरिटच्या कुपीत घ्या. निमोण्यात पेरूखाली सापडल्या तरी घ्या. मोबाईलवरचा फोटो पुरत नाही: मांडीवरचे काटे त्यात धड दिसत नाहीत आणि आतली रचना तर मुळीच नाही. चिठ्ठी शिसपेन्सिलीनं लिहून कुपीच्या आत टाका, कारण पेनची शाई स्पिरिटमध्ये विरघळते. फळ कोणतं, झाडावरचं की पडलेलं, तेही त्यात यायला हवं.