ठाणे कोणाच्या सहीने गेले?

ठाण्याचा किल्ला आज मध्यवर्ती कारागृह आहे. १७७४च्या डिसेंबरअखेर मुंबईकर इंग्रजांनी तो मराठ्यांकडून लढून घेतला. मात्र ठाणे आणि साष्टी यांच्यावरचा हक्क पुढे सात-आठ वर्षे कागदांवर लढला गेला. ते तहनामे वाचताना मला रणांगणापेक्षा दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातली रांग अधिक आठवते. कारण प्रत्येक कागदापाशी एकच प्रश्न उभा राहतो : सही करणाऱ्याला तो अधिकार दिला कोणी?

दुसऱ्याच्या वतीने वावरणाऱ्यांसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. पेशवाईतला वकील म्हणजे दरबारी पाठवलेला प्रतिनिधी. कोर्टात उभा राहणारा वकील इंग्रजी अमलात रूढ झाला. मुतालिक हुद्देदाराचे काम त्याच्या नावाने पाही, गुमास्ता पेढीचे पाही. मुखत्यार हा मूळचा अरबी शब्द, अर्थ ‘निवडलेला’. गोव्यातल्या देवस्थान समित्यांवर मुखत्यार हे पद अजून आहे. पोर्तुगीज कायद्यातला ‘प्रोकुरादोर’ तो हाच. त्याच्या मागच्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ दुसऱ्यासाठी काळजी वाहणे. त्यातूनच इंग्रजीतला ‘प्रोक्युअर’ निघाला : मिळवून देणे, घडवून आणणे. फौजदारी कायद्यात तो कुंटणखान्याला बायका पुरवण्यापर्यंत घसरला. आपल्या ‘दलाल’ शब्दाच्या नशिबीही तीच घसरण आली.

या शब्दांच्या गर्दीत एक भेद मोलाचा आहे. दलाल व्यवहार जुळवून देतो, सही मालकच करतो. मुखत्याराची सही मात्र मालकाचीच सही ठरते. म्हणून त्याच्या अधिकाराची हद्द कुठे संपते, हे आधी पाहावे लागते.

आता ठाण्याकडे येऊ. मार्च १७७५मध्ये सुरतेच्या तहाने रघुनाथरावांनी पेशवे या नात्याने साष्टी आणि वसई कंपनीला लिहून दिली. पण नारायणरावांच्या खुनानंतर जन्मलेल्या सवाई माधवरावांना आदल्याच वर्षी पेशवाईची वस्त्रे मिळाली होती, आणि त्या तान्ह्या मुलाच्या नावाने बारभाई कारभार पाहत होते. म्हणजे देणाऱ्याचा अधिकारच वादातला. घेणाऱ्याची गत निराळी नव्हती. १७७३च्या रेग्युलेटिंग ॲक्टने, निकडीचे प्रसंग वगळता, कलकत्त्याच्या संमतीवाचून युद्ध वा तह करण्यास मुंबईला मनाई केली होती. कलकत्त्याने सुरतेचा तह नामंजूर करून कर्नल अप्टनला पाठवले, आणि मार्च १७७६मध्ये पुरंदरचा तह झाला. तरी साष्टी इंग्रजांकडेच राहिली. लंडनच्या संचालकांनी तर पुढे सुरतेच्या तहालाच पसंती कळवली. गुमास्त्याचे कृत्य नामंजूर, त्याने आणलेला माल मात्र मंजूर!

याची दुसरी बाजू वडगावला दिसली. जानेवारी १७७९मध्ये रघुनाथरावांना घेऊन पुण्यावर निघालेली मुंबईची फौज तिथे कोंडली गेली. थोरल्या माधवरावांच्या मृत्यूनंतर घेतलेला मुलूख परत करा, ही मराठ्यांची मागणी होती. त्यात ठाणे-साष्टी आलीच. फौजेबरोबरच्या समितीने आधी सांगितले की, कलकत्त्याच्या मंजुरीवाचून तह करण्याचा आम्हाला अधिकार नाही. ग्रँट डफच्या इतिहासात यावर मराठ्यांचे उत्तर आहे. त्याचा आशय असा की, मग अप्टनने ठरवलेला तह मोडण्याचा अधिकार तुम्हाला कोठून आला? अखेर कारनॅकने होम्सला पूर्ण अधिकार देऊन महादजी शिंद्यांकडे पाठवले. तह झाला, फौजेला वाट मिळाली. नंतर कारनॅकचा खुलासा असा की, या अधिकारपत्राला काही किंमत नाही हे मनात धरूनच आपण ते दिले होते. मुंबई आणि कलकत्ता दोघांनीही वडगावचा तह झिडकारला.

राज्याराज्यांतले तह करार कायद्याने तोलले जात नाहीत, आणि आपला करार कायदा १८७२चा. तरी ताजवा म्हणून तो हाती घेतला, तर चित्र स्वच्छ होते. कलम १९९ सांगते की, बिनअधिकाराने केलेल्या व्यवहाराचा एक भाग मालकाने मान्य केला, तर सबंध व्यवहार मान्य केला असे ठरते. कलम २३७ म्हणते, मालकाच्या बोलण्या-वागण्यामुळे तिऱ्हाइताला प्रतिनिधीचा अधिकार खरा वाटला, तर मालक बांधला जातो. लाभाचा भाग ठेवून बोजा टाकण्याची मुभा कायदा देत नाही. ठाण्याबाबत नेमके तेच घडले. बिनअधिकाराने घेतले ते राहिले, बिनअधिकाराने परत दिले ते रद्द झाले. माझ्या मते, अधिकाराचा प्रश्न ताबेदाराला सोयीच्या वेळीच आठवतो, हा या आठ वर्षांचा अर्थ आहे.

शेवट झाला तो १७ मे १७८२च्या सालबाईच्या तहाने. या वेळी पेशव्यांच्या वतीने महादजी बोलत होते, आणि नाना फडणवीसांच्या मंजुरीला पुढे कित्येक महिने लागले. वसई परत आली. साष्टी मात्र कायमची गेली. ठाणे अखेर मुखत्याराच्या सहीने आणि मालकाच्या मंजुरीने गेले. फक्त तोवर ताबा आठ वर्षांचा झाला होता.

हा ताळा कल्याण-डोंबिवलीत आजही लागू पडतो. सातबाऱ्यावरचे अनेक वारस विकासकाला विकसन करारनाम्याबरोबर कुलमुखत्यारपत्र देतात, आणि सदनिकेच्या करारावर त्यांच्या वतीने विकासक सही करतो. कलम २०१प्रमाणे देणारा वारला की मुखत्यारी संपते. मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध त्या मालमत्तेत असेल, तर कलम २०२चा अपवाद येतो. २०११मध्ये ‘सूरज लॅम्प’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, नुसत्या कुलमुखत्यारपत्राने स्थावराची मालकी बदलत नाही. इमारत उभी राहते, माणसे राहायला येतात, आणि जमिनीचे अभिहस्तांतरण वर्षानुवर्षे रखडते. म्हणून १९६३च्या मालकी सदनिका कायद्यात २००८च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची वाट काढली. विकासक सही करत नसेल, तर सक्षम प्राधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर सोसायटीला जमीन मिळू शकते. अडून बसलेल्याच्या सहीची जागा इथे कायदाच घेतो.

वडगावला मराठ्यांना ‘अधिकार नाही’ हे तोंडी ऐकवले गेले होते, तरी त्यांनी पूर्ण अधिकाराच्या कागदावर भरवसा ठेवून फौज सोडली. घर घेणाऱ्याने म्हणून कागदावरची सही पाहून थांबू नये. ती करण्याचा अधिकार कोणी दिला, त्याच्याकडे तो देण्याजोगा होता का, आणि तो अजून जिवंत आहे का, हे तिन्ही प्रश्न पैसे देण्याआधी विचारावेत. ताबा गेल्यावर विचारले, तर उत्तर बहुधा ताबेदारच देतो.