सांचीचा स्तूप : दात्यांच्या नावांनी उभे राहिलेले स्मारक

मध्य प्रदेशातील रायसेन जिल्ह्यात, भोपाळच्या ईशान्येस सुमारे ४६ किलोमीटर आणि विदिशेपासून जेमतेम १० किलोमीटर अंतरावर, एका बुटक्या टेकडीच्या माथ्यावर सांचीचे स्तूप उभे आहेत. दोनशे रुपयांच्या नोटेच्या मागील बाजूस हेच शिल्पवैभव छापलेले असल्याने ते प्रत्येकाच्या ओळखीचे आहे. मात्र गौतम बुद्धांच्या चरित्रातील एकही प्रमुख घटना येथे घडलेली नाही. जन्म लुंबिनीचा, बोधी गयेची, पहिले प्रवचन सारनाथचे आणि महापरिनिर्वाण कुशीनगरचे. सांचीला मोठेपण आले ते शतकानुशतके येथे दान देणाऱ्या माणसांमुळे, आणि त्या माणसांची नावे आजही दगडावर आहेत.

उभारणी

येथील मूळ स्तूप सम्राट अशोकाच्या काळात, इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात, विटांनी बांधला गेला. विदिशेच्या श्रेष्ठीची कन्या देवी ही अशोकाची पत्नी होती, असे सिंहली बौद्ध परंपरा सांगते. पुढे शुंगकाळात या विटांच्या स्तूपावर दगडी आवरण चढविण्यात आले आणि तो जवळजवळ दुप्पट मोठा झाला. आज त्याचा व्यास सुमारे ३६.६ मीटर आणि उंची सुमारे १६.५ मीटर आहे. भोवतीचा दगडी कठडा, म्हणजे वेदिका, लाकडी कुंपणाची हुबेहूब नक्कल आहे. उभे खांब, त्यांत अडकविलेल्या आडव्या सूची आणि वरचे उष्णीष ही सारी रचना दगडाची असली तरी जोडकाम सुताराचे आहे.

चार दिशांची चार तोरणे इसवी सनपूर्व पहिल्या शतकातील, सातवाहन काळातील आहेत. महाराष्ट्राशी सांचीचा थेट धागा येथेच जुळतो. दक्षिण तोरणाच्या सर्वांत वरच्या तुळईवर कोरलेल्या लेखानुसार ती राजा सातकर्णीच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याचे दान आहे. त्याच तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी हे कोरीवकाम केल्याचाही लेख आहे. हस्तिदंतावर चालणारा हात दगडावर चालला, म्हणूनच त्या शिल्पांत इतकी बारीक नक्षी साधली.

दोन अक्षरांची किल्ली

वेदिकेच्या खांबांवर, सूचींवर आणि फरसबंदीवर शेकडो छोटे ब्राह्मी लेख आहेत. बहुतेक लेख एका ओळीचे आहेत : अमुक गावच्या अमुक व्यक्तीचे दान. ही लिपी विस्मरणात गेली होती. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप यांच्या हाती या लेखांच्या नकला आल्या, तेव्हा जवळजवळ प्रत्येक लेख त्याच दोन अक्षरांनी संपतो हे त्यांच्या ध्यानात आले. वास्तूच्या एकेका भागावर स्वतंत्र लेख असेल तर तो दानाचाच असणार, असा तर्क त्यांनी केला. ती दोन अक्षरे ‘दानं’ अशी वाचली गेली आणि ब्राह्मी लिपीच्या उलगड्याला तेथून गती मिळाली.

दात्यांमध्ये राजेरजवाडे अगदी थोडे आहेत. भिक्खू, भिक्खुणी, श्रेष्ठी, व्यापारी, लेखनिक, विणकर, सुतार आणि मोठ्या संख्येने स्त्रिया यांची नावे तेथे आढळतात. उज्जैनच्या दात्यांचे लेख तर कितीतरी आहेत. कुणी एक खांब दिला, कुणी एक सूची, कुणी फरशीचा एक दगड. ही प्रथा गुप्तकाळातही सुरू होती. हरिस्वामिनी नावाच्या उपासिकेने बारा दिनार कायमची ठेव म्हणून दिले आणि त्याच्या व्याजातून रोज एका भिक्खूला भोजन मिळावे, अशी व्यवस्था केली.

शब्दाविना बुद्धकथा

तोरणांवर बुद्ध मानवी रूपात कोठेही दिसत नाहीत. बोधिवृक्ष, रिकामे आसन, धर्मचक्र, पादचिन्हे यांतून त्यांचे अस्तित्व सुचविले जाते. पूर्व तोरणाच्या मधल्या तुळईवरील महाभिनिष्क्रमणाचे दृश्य यासाठी आवर्जून पाहावे. नगरातून बाहेर पडणारा घोडा पुन्हा पुन्हा कोरला आहे. त्यावर स्वार नाही, पण डोक्यावर छत्र धरलेले आहे. अखेरीस छत्र पादचिन्हांवर येते आणि घोडा छत्राविना परत फिरतो. याच तोरणावरील शालभंजिकेची मूर्ती विशेष प्रसिद्ध आहे. सर्वांत सुस्थितीत असलेल्या उत्तर तोरणाच्या खालच्या तुळईवर सर्वस्वाचे दान करणाऱ्या वेस्संतर राजपुत्राची जातककथा आहे. दानातून उभ्या राहिलेल्या वास्तूवर ही कथा शोभून दिसते.

शाप आणि पडझड

सांचीचे प्राचीन नाव काकणाव. या काकणावातील तोरण वा वेदिका जो मोडील किंवा अन्यत्र नेईल, त्याला मातृहत्या, पितृहत्या यांसारख्या महापातकांचा दोष लागेल, असा इशारा देणारा लेख येथेच कोरलेला आहे. तो इशारा अनाठायी नव्हता. १८१८ मध्ये जनरल टेलर यांनी या अवशेषांची नोंद केली, तेव्हा दक्षिण तोरण पडलेले होते, पण उरलेली तीन उभी होती. त्यानंतर अवघ्या चार वर्षांत, १८२२ मध्ये, कॅप्टन जॉन्सन यांनी मोठा स्तूप एका बाजूने वरपासून खालपर्यंत खोदला. त्या खिंडारामुळे पश्चिम तोरण आणि वेदिकेचा काही भाग कोसळला. दोन हजार वर्षे टिकलेले बांधकाम कुतूहलाने मोडले. अशोकाचा स्तंभ एका जमीनदाराने उसाच्या चरकासाठी फोडल्याचेही सांगितले जाते. पूर्व तोरण पॅरिसला नेण्याचा विचारही एकोणिसाव्या शतकात झाला होता. अखेर साच्यातून काढलेल्या प्रतिकृतींवर ते निभावले.

१८५१ मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम व मेझी यांना तिसऱ्या स्तूपात सारिपुत्त आणि महामोग्गलान या बुद्धांच्या अग्रशिष्यांच्या अस्थी सापडल्या. त्या इंग्लंडला गेल्या. स्वातंत्र्यानंतर त्या परत आल्या आणि १९५२ मध्ये नव्या चेतियगिरी विहारात प्रतिष्ठापित झाल्या. १८८१ नंतर मेजर कोल यांनी खिंडार बुजविले व पडलेली तोरणे उभी केली. १९१२ ते १९१९ या काळात जॉन मार्शल यांनी शास्त्रशुद्ध जीर्णोद्धार केला. सांचीच्या जतनामागे भोपाळच्या शाहजहान बेगम व सुलतान जहान बेगम यांचा आर्थिक आधार होता. जुन्या दात्यांच्या मालिकेत ही दोन नावेही बसतात. १९८९ मध्ये सांचीचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

प्रवाशाने कसे पाहावे

इंदूरहून भोपाळमार्गे रस्त्याने जाणे सोयीचे आहे. ग्वाल्हेर-भोपाळ लोहमार्गावर सांची स्थानक आहे; पण तेथे थोड्याच गाड्या थांबतात, म्हणून विदिशा किंवा भोपाळला उतरणे बरे. ऑक्टोबर ते मार्च हा काळ उत्तम. परिसर सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत खुला असतो. पुरातत्त्व संग्रहालय शुक्रवारी बंद असते, हे ध्यानात ठेवून दिवस ठरवावा. अशोकस्तंभाचे चार सिंहांचे शीर्ष तेथेच आहे. नोव्हेंबरअखेरच्या उत्सवात अग्रशिष्यांच्या अस्थी दर्शनासाठी ठेवल्या जातात. त्या वेळी गर्दी मोठी असते.

स्तूप उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा करावी. पूर्वेच्या प्रवेशद्वाराने आत गेल्यास पुढे दक्षिण, पश्चिम आणि उत्तर हा क्रम आपोआप जुळतो. दक्षिणेच्या तोरणाजवळ अशोकस्तंभाचा बुंधा आहे; त्यावर संघात फूट पाडणाऱ्यांना ताकीद देणारा आदेश आहे. पश्चिम उतारावरील दुसरा स्तूप अनेक प्रवासी टाळतात, पण त्याच्या वेदिकेवरील कमळे व प्राण्यांच्या वर्तुळाकृती मोठ्या तोरणांपेक्षाही जुन्या आहेत. गुप्तकालीन १७ क्रमांकाचे छोटे सपाट छताचे मंदिरही पाहावे. वेळ असल्यास विदिशेजवळची उदयगिरी लेणी आणि हेलिओडोरसचा स्तंभ त्याच दिवशी होतात.

वेदिकेजवळ थांबून लेखाच्या शेवटी एक खूण शोधावी : आडव्या रेषेवर मधोमध उभी रेषा आणि शेजारी एक टिंब. हे ब्राह्मीतील ‘नं’. त्याच्या आधीचे अक्षर ‘दा’. लिपी न शिकताही हा एक शब्द कोणालाही वाचता येतो. मात्र तो डोळ्यांनी वाचावा, बोटांनी चाचपू नये. दोन सहस्रके ऊनपाऊस सोसलेल्या या अक्षरांची झीज हातांच्या स्पर्शाने वाढते, आणि अक्षर गेले की त्या दात्याचे नावही जाते.