कडबाकुट्टी यंत्र (जुन्या यंत्राची निवड)

कडबाकुट्टी यंत्र हे ज्वारी व मका यांचा वाळलेला कडबा, तसेच हिरवी वैरण बारीक कापण्याचे यंत्र आहे. कापलेल्या वैरणीस 'कुट्टी' म्हणतात आणि बोलण्यात तेच नाव यंत्रालाही लावले जाते. कुरणांच्या प्रदेशात गवत कापण्यासाठी ट्रॅक्टरला जोडायची कापणी यंत्रे वापरतात. अमरावती व अकोला जिल्ह्यांत वैरण म्हणजे मुख्यतः कडबा आणि कुटार. त्यामुळे दोन-चार जनावरे बाळगणाऱ्या शेतकऱ्याला गरज पडते ती कुट्टी यंत्राची. नवे यंत्र न परवडल्यास तो जुने शोधतो.

== पार्श्वभूमी ==
वऱ्हाडात सोयाबीनचा प्रसार झाला तशी खरीप ज्वारी मागे पडली आणि कडबा महाग झाला. सोयाबीन, तूर व हरभऱ्याचे कुटार मळणीतच बारीक होऊन येते. कडब्याचे तसे नाही. अख्खी पेंडी टाकली तर जनावर पाने व शेंडा खाते आणि जाड धांडा पायांखाली तुडवून शेणात मिसळते. कुट्टी केल्यास ही नासाडी बरीच कमी होते.

महाराष्ट्रातील यंत्रउद्योगाच्या इतिहासातही या यंत्राला स्थान आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात सुरुवातीस जी शेतीची अवजारे बनवली, त्यांत लोखंडी नांगराबरोबर कडबा कापण्याचे यंत्र होते. पुढे १९१० मध्ये हा कारखाना किर्लोस्करवाडीस आला.

== रचना ==
वैरण पन्हाळीतून दोन दातेरी रुळांमध्ये जाते. रूळ ती पुढे ओढतात आणि जड बिडाच्या चाकावर बसवलेली पाती तिला आडव्या स्थिर पट्टीवर कापतात. चाकाच्या एका फेऱ्यात रूळ वैरण ५० मिलिमीटर पुढे सरकवत असतील आणि पाती दोन असतील, तर तुकडा २५ मिलिमीटरचा पडतो.

== जुन्या यंत्राची पारख ==
ग्राहक प्रथम पात्यांची धार पाहतो. वास्तविक पाती ही झिजणारी व बदलता येणारी वस्तू आहे. यंत्राचे आयुष्य चाक, दातचाकांची पेटी आणि बेअरिंग यांवर ठरते. वीज बंद करून, पट्टा उतरवून चाक हाताने सावकाश फिरवावे. ते डुगडुगत असेल किंवा फिरताना एकाच जागी अडत असेल, तर दांडा वाकलेला किंवा बेअरिंग गेलेले असण्याचा संभव असतो. चाकावर वेल्डिंगची खूण दिसल्यास किंमत कितीही उतरवली तरी ते यंत्र घेऊ नये. बिडाचे सांधकाम भरवशाचे नसते आणि वेगात फुटलेल्या चाकाचे तुकडे दूरवर उडतात. रंग नुकताच दिलेला असेल तर ही तपासणी अधिक बारकाईने करावी.

विकणारा बहुधा हिरवा मका कापून दाखवतो. कोवळा मका बोथट पात्यानेही कापला जातो, म्हणून खरेदीदाराने वाळलेल्या ज्वारीची पेंडी सोबत न्यावी. तुकडे एकसारखे व स्वच्छ कापलेले पडले तर पाती आणि पट्टी यांतील अंतर ठीक आहे. धांडा चेचला जाऊन तंतू लोंबत राहिले, तर पट्टीची कड गोल झालेली असते किंवा अंतर वाढलेले असते. तुकडे लहानमोठे पडणे हे रुळांचे दाते झिजल्याचे लक्षण आहे.

मूळ हाताने फिरवायच्या यंत्राला मागाहून मोटर बसवलेली असणे, हा प्रकार विशेष जपून पाहावा. मोटर मिनिटाला १४४० फेरे घेणारी, तिची पुली ३ इंची आणि चाकाची १८ इंची असल्यास चाक मिनिटाला सुमारे २४० फेरे घेते. माणसाच्या हाताने ते त्याच्या एका लहान अंशानेच फिरत असे. जुने बीड आणि बोल्ट त्या वेगासाठी केलेले नसतात.

मोटर अर्धा तास चालवून तिची उष्णता पाहावी. तीन अश्वशक्तीची मोटर घरच्या जोडणीवर चालेल की नाही, हे आधीच विचारलेले बरे. शेतीच्या थ्री-फेज वाहिनीवर वीज ठरावीक तासांतच मिळते. पाळी रात्रीची आली तर कुट्टीही अपुऱ्या उजेडात करावी लागते.

== सुरक्षितता ==
या यंत्रावरील सर्वांत गंभीर अपघात म्हणजे वैरण ढकलताना बोटे किंवा हात रुळांत ओढला जाणे. रुळाने पकडलेला हात माणसाला मागे घेता येत नाही आणि पाते लगेच पलीकडे असते. म्हणून पन्हाळ पुरेशी लांब व रुळांजवळ वरून झाकलेली असावी, जेणेकरून हात रुळांपर्यंत पोहोचणारच नाही. रूळ थांबवणारा व उलटा फिरवणारा दांडा काम करणाऱ्याच्या हाताशी असावा. जुन्या यंत्रांत तो पुष्कळदा गंजून जाम झालेला आढळतो. 'तो लागत नाही' हे विकणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरू नये. विजेचे बटणही तितकेच जवळ हवे.

चाकावरील व पट्ट्यावरील जाळी वैरण अडकते म्हणून काढून ठेवण्याची सवय सर्रास आहे. ती हरवलेली असल्यास नवी करून घेण्याचा खर्च किमतीतून वजा करावा आणि ती बसेपर्यंत यंत्र सुरू करू नये. काम नसताना चाकाला खिटी घालून कुलूप लावावे, कारण मुलांना फिरणाऱ्या चाकाचे आकर्षण असते. भारतीय मानक ब्युरोने या यंत्रांसाठी मानके निश्चित केली आहेत. यंत्रावरील पाटी शाबूत असल्यास त्यांचा उल्लेख आहे का ते पाहावे.

== व्यवहार ==
कृषी यांत्रिकीकरणाचे शासकीय अनुदान नव्या यंत्रालाच मिळते. ज्या यंत्रावर विकणाऱ्याने असे अनुदान घेतलेले असते, ते विशिष्ट मुदतीत न विकण्याची अट त्याच्यावर असू शकते. त्यामुळे मूळ बिल मागावे, त्यावरील यंत्राचा क्रमांक पाटीवरील क्रमांकाशी ताडून पाहावा आणि व्यवहाराची पावती दोघांच्या सहीने करावी. बिल नसल्यास किमान त्या कारखान्याची पाती व दातचाके अकोला किंवा अमरावतीच्या बाजारात मिळतात का, याची चौकशी पैसे देण्यापूर्वी करावी.