विरूपणाचा इतिहास: गिटारच्या व्हॉल्व्हपासून उपग्रहाच्या नलिकेपर्यंत

इस्रोच्या टीडीएस-०१ या तंत्रज्ञान-प्रात्यक्षिक उपग्रहाची चर्चा निघते, तेव्हा मथळा जातो तो विद्युत प्रणोदनाकडे. परंतु त्याच उपग्रहावर ज्या गोष्टींची परीक्षा घेण्याचे योजले आहे, त्यांत स्वदेशी बनावटीचा ‘ट्रॅव्हलिंग वेव्ह ट्यूब’ ॲम्प्लिफायरही आहे. रोज सेमीकंडक्टर कारखान्यांची भाषा बोलणाऱ्या देशाने निर्वात नलिका, म्हणजे आजोबांच्या रेडिओत लालसर तापणाऱ्या व्हॉल्व्हच्याच कुळातील वस्तू, अवकाशात का न्यावी, असा प्रश्न ही बातमी वाचताना साहजिकच पडतो. त्याचे उत्तर अनपेक्षित ठिकाणी, इलेक्ट्रिक गिटारच्या इतिहासात, फार स्पष्ट दिसते. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर श्रेष्ठ की त्याची संगणकीय नक्कल करणारा डिजिटल मॉडेलर, हा वाद वादकांत तीन दशके चालू आहे. वरवर पाहता तो हौशी मंडळींचा आवडीनिवडीचा वाद वाटतो. त्याच्या तळाशी मात्र भौतिकशास्त्रातील एक कठीण प्रश्न आहे.

१९०४ मध्ये जॉन ॲम्ब्रोज फ्लेमिंग यांनी दोन अग्रांची नलिका बनवली. १९०६ मध्ये ली डी फॉरेस्ट यांनी तिच्यात तिसरे अग्र, म्हणजे जाळी, बसवण्याकडे पाऊल टाकले आणि ट्रायोडचा जन्म झाला. तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात, धन प्लेट त्यांना ओढते आणि मधल्या जाळीवरील किंचित विद्युतदाब त्या प्रवाहाला आवरतो किंवा मोकळा सोडतो. पुढे चाइल्ड आणि लँगम्यूर यांनी दाखवले की निर्वातातील हा प्रवाह दाबाच्या दीडपटीच्या घातात वाढतो. नलिकेच्या स्वभावाचा आलेख सरळ रेषा नसून वक्र आहे, ही गोष्ट पुढील साऱ्या कथेचे बीज होय.

दूरध्वनी आणि रेडिओच्या अभियंत्यांना हा वक्र म्हणजे शत्रू वाटे. जेवढे आत गेले तेवढेच, फक्त मोठे होऊन, बाहेर यावे ही त्यांची प्रतिज्ञा. १९२७ मध्ये बेल लॅब्जमधील हॅरॉल्ड ब्लॅक यांना ऋण प्रतिभरणाची कल्पना सुचली. निर्गत संकेताचा काही अंश उलटा करून पुन्हा आत सोडायचा, म्हणजे चूक स्वतःच स्वतःला खोडते. विसाव्या शतकातील ध्वनी-अभियांत्रिकीची दिशा या एका कल्पनेने ठरली: विरूपण शून्याकडे नेणे.

गिटारवादक नेमके उलट दिशेने निघाले. १९५१ मध्ये मेम्फिस येथे सॅम फिलिप्स यांच्या स्टुडिओत ‘रॉकेट ८८’ ध्वनिमुद्रित झाले. त्यातील गिटारचा खरखरीत आवाज इजा झालेल्या ॲम्प्लिफायरमधून आला होता आणि त्याच्या फाटक्या स्पीकरमध्ये कागद कोंबले होते, असे सांगितले जाते. १९६२ मध्ये लंडनमधील दुकानदार जिम मार्शल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील फेंडर कंपनीच्या ‘बेसमन’ या ॲम्प्लिफायरचे परिपथ समोर ठेवून स्वतःचा ॲम्प्लिफायर बांधला. १९६४ मध्ये ‘द किंक्स’च्या डेव्ह डेव्हिस यांनी लहानशा ॲम्प्लिफायरच्या स्पीकरचा पडदा पात्याने चिरला. १९६६ मध्ये एरिक क्लॅप्टन यांनी मार्शलचा ॲम्प्लिफायर स्टुडिओत पूर्ण आवाजावर ठेवून वाजवला. चार-पाच वर्षांत, जे टाळायचे तेच मिळवण्याचे साधन झाले.

हा बिघडलेला आवाज कानाला गोड का लागतो? वक्र आलेखाच्या नलिकेत शुद्ध ज्या-तरंग सोडला, तर मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा संनादी वारंवारता बाहेर पडतात. एकट्या ट्रायोडच्या वक्रात दुप्पट वारंवारता ठळक असते आणि तोच मूळ स्वराचा तार षड्ज होय. म्हणूनच ‘व्हॉल्व्ह सम संनादी देतात’ असे म्हटले जाते. हे अर्धसत्य आहे. मोठ्या गिटार ॲम्प्लिफायरच्या शेवटच्या टप्प्यात दोन नलिका परस्परविरुद्ध काम करतात आणि अशा जोडीत सम संनादी एकमेकांना खोडतात. तेथे विषम संनादीच उरतात.

खरी गंमत दोन स्वर एकत्र वाजल्यावर होते. ११० आणि १६५ हर्ट्झचे दोन स्वर, म्हणजे षड्ज आणि पंचम, अरेषीय साधनातून गेले की त्यांच्या फरकाची ५५ हर्ट्झ ही वारंवारता निर्माण होते. ती षड्जाच्या बरोबर एक सप्तक खाली बसते. बेरीज, फरक आणि त्यांच्या साऱ्या पटी याच ५५च्या पाढ्यात पडतात. याउलट पाश्चात्त्य समविभाजित सप्तकातील गांधार शुद्ध प्रमाणापेक्षा किंचित चढा असतो. तो मिसळताच हे फरक एकमेकांशी भांडू लागतात. रॉक संगीतात गांधार वगळून नुसत्या षड्ज-पंचमाचे ‘पॉवर कॉर्ड’ का रूढ झाले, याचे एक मोठे कारण या अंकगणितात आहे. साधनाच्या दोषाने संगीताचे व्याकरण घडवले.

भारतीय वाचकाला यात फार नवल वाटू नये. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ च्या सुमारास तानपुरा आणि वीणा यांचा अभ्यास केला. तार ज्या बिंदूवर छेडावी, तेथे निष्पंद असलेले संनादी निर्माण होऊ नयेत, असा यंग-हेल्महोल्ट्झ यांचा नियम. तानपुऱ्यात तेही ऐकू येतात, हे रामन यांनी नोंदवले. कारण घोडीच्या रुंद, वक्र पृष्ठभागावर तार प्रत्येक कंपनात टेकते आणि सुटते. मिरजेचे कारागीर जवारी काढतात, तेव्हा ते नेमके हेच करतात: घासून घासून एक अरेषीयता साधतात, आणि तिचा निकाल कानाने लावतात.

१९४७ च्या डिसेंबरात बेल लॅब्जमध्ये ट्रान्झिस्टर अवतरला. तो लहान, थंड, स्वस्त आणि टिकाऊ. १९६६ मध्ये फेंडरने ट्रान्झिस्टरचे गिटार ॲम्प्लिफायर बाजारात आणले, पण वादकांनी ते स्वीकारले नाहीत. भरपूर ऋण प्रतिभरण असलेला ट्रान्झिस्टर परिपथ मर्यादेपर्यंत जवळजवळ सरळ चालतो आणि मग तरंगाचा माथा सपाट छाटतो. व्हॉल्व्ह तोच माथा हळूहळू दाबत जातो. १९७३ मध्ये रसेल हॅम यांनी या विषयावरील प्रबंधात एक मार्मिक मुद्दा मांडला: साधनांची तुलना मर्यादेच्या आत करू नये, ती अतिभारित अवस्थेत करावी, कारण प्रत्यक्ष संगीत त्यांना वारंवार तेथेच नेते.

डिजिटल नकलेचा प्रयत्न येथून सुरू होतो. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातील लाइन ६ कंपनीने डिजिटल मॉडेलिंग करणारा ॲम्प्लिफायर आणला आणि १९९८ मध्ये ‘पॉड’ हे छोटे यंत्र. नलिकेचा वक्र मोजावा, त्याचे सूत्र लिहावे आणि प्रत्येक नमुना त्यातून काढावा, एवढेच करायचे असते, तर प्रश्न तेव्हाच सुटला असता. परंतु व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरला स्मृती असते. जोराचा आघात झाला की विद्युतपुरवठ्याचा दाब क्षणभर खचतो आणि मग सावरतो. जाळीतून प्रवाह वाहू लागला की धारित्रावर प्रभार साचतो आणि नलिकेचा कार्यबिंदूच सरकतो. स्पीकरचा रोध वारंवारतेनुसार बदलतो आणि रोहित्रामार्फत नलिकेवर उलट परिणाम करतो. या क्षणाचा आवाज मागील कित्येक क्षणांवर अवलंबून असतो. अरेषीयता आणि स्मृती एकत्र आल्या की सोपी सूत्रे संपतात.

दुसरी अडचण नमुनीकरणाची. सेकंदाला ४८,००० नमुने घेणारे यंत्र २४,००० हर्ट्झपर्यंतच विश्वासार्ह असते. पाच हजार हर्ट्झच्या घटकाचा सातवा संनादी ३५,००० हर्ट्झवर पडतो. यंत्र तो १३,००० हर्ट्झवर दुमडून देते. पाचाच्या पाढ्यात तेरा येत नाहीत; म्हणून तो कर्कश वाटतो. उपाय म्हणजे आतल्या आत नमुन्यांचा वेग आठपट वा अधिक करणे, आणि त्याला गणनशक्ती लागते. सुरुवातीच्या मॉडेलरांवरील ‘काचेसारखा आवाज’ हा आक्षेप निव्वळ स्मरणरंजन नव्हता.

पुढे दोन वाटा फुटल्या. एक, परिपथातील प्रत्येक घटकाची अवकल समीकरणे प्रत्यक्ष सोडवण्याची. दुसरी, ॲम्प्लिफायरला बंद पेटी मानून तिच्यात चाचणीचे संकेत सोडण्याची आणि बाहेर येणाऱ्या आवाजावरून तिचा स्वभाव ओळखण्याची. जर्मनीतील केम्पर यांचे ‘प्रोफायलर’ हे यंत्र २०१० च्या दशकाच्या आरंभी दुसऱ्या वाटेने आले. त्यानंतर फिनलंडमधील आल्टो विद्यापीठातील संशोधकांनी खऱ्या ॲम्प्लिफायरच्या ध्वनिमुद्रणावरून शिकणारी न्यूरल जाळी तत्काळ चालवून दाखवली. आज ‘न्यूरल ॲम्प मॉडेलर’ ही मुक्तस्रोत प्रणाली कोणालाही विनामूल्य वापरता येते.

मग निकाल काय? मिश्रणात ऐकलेल्या ध्वनिमुद्रणापुरते बोलायचे, तर उत्तम मॉडेलर आणि मूळ यंत्र यांतील भेद ओळखणे आता फार अवघड आहे. विलंबाचा आक्षेपही बराच ओसरला आहे. ४८,००० च्या वेगाने ६४ नमुन्यांचा गट म्हणजे १.३३ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात ध्वनी हवेत जेमतेम ४५ सेंटिमीटर जातो. तुलना करताना मात्र दोन्हींची पातळी समान हवी. १०० वॉटचा ॲम्प्लिफायर खोलीतील हवा आणि वादकाच्या हातातील तारही हलवतो. हेडफोन ते करीत नाही. पुष्कळदा आपण व्हॉल्व्हची तुलना संगणकाशी करीत नसतो, मोठ्या आवाजाची तुलना लहान आवाजाशी करीत असतो.

तरीही एक गोष्ट उरते. जे जाळे मूळ ऐकून शिकते, त्याला मूळ असावे लागते. संगीतासाठी व्हॉल्व्ह बनवणारे मोठे कारखाने आता रशियातील सारातोव, स्लोव्हाकिया आणि चीन असे बोटांवर मोजण्याइतके आहेत. मार्च २०२२ मध्ये रशियाच्या निर्यातबंदीची बातमी येताच जगभरच्या वादकांत धावपळ उडाली. कॅथोडवरील ऑक्साइडचा लेप, काच आणि धातूचा सांधा, वर्षानुवर्षे टिकणारा निर्वात ही कारागिरी कागदावर पूर्ण उतरत नाही. ती हातांतून हातांत जाते, आणि हात सुटले की थांबते.

आपल्याकडे बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ मध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह बनवण्यास आरंभ केला आणि १९६२ मध्ये जर्मेनियमची सेमीकंडक्टर साधने. दोन युगे एका वर्षाच्या अंतराने एकाच संस्थेत आली. रेडिओचे व्हॉल्व्ह काळाच्या ओघात मागे पडले. परंतु पिलानीची सीरी ही संस्था आणि बेंगळुरूतील संरक्षण संशोधन विभागाचे सूक्ष्मतरंग नलिका केंद्र यांनी रडार आणि उपग्रहांसाठी निर्वात नलिकांची विद्या सोडली नाही. उच्च वारंवारतेला शेकडो वॉट शक्ती, अल्प वीज खाऊन, दहा-पंधरा वर्षे दुरुस्तीशिवाय द्यायची असेल, तर ही नलिका आजही ट्रान्झिस्टरला तुल्यबळ, किंबहुना सरस ठरते.

आणि तिचाही आलेख वक्रच आहे. कार्यक्षमतेसाठी ती मर्यादेजवळ चालवली की संकेत विरूपित होतो, शेजारच्या वाहिन्या एकमेकींत मिसळतात. षड्ज-पंचमाच्या फरकाने जो खर्ज दिला, तोच फरक येथे व्यत्यय म्हणून उभा राहतो. १९८१ मध्ये सालेह यांनी या नलिकांच्या विरूपणाची सुटसुटीत सूत्रे दिली. तेव्हापासून अभियंते संकेताला आधीच उलट दिशेने वाकवून नलिकेत सोडतात, म्हणजे बाहेर येताना तो सरळ होतो. गिटारचा मॉडेलर विरूपण घडवण्यासाठी जे गणित सोडवतो, तेच येथे ते पुसण्यासाठी सोडवले जाते.

म्हणून ‘व्हॉल्व्ह की संगणक’ हा प्रश्नच अपुरा आहे. संगणकाने व्हॉल्व्ह हटवला नाही; त्याने व्हॉल्व्हला प्रथमच पूर्णपणे समजून घेण्यास भाग पाडले. आणि जी वस्तू बनवणारे हात देशात आहेत, तिच्याच स्वभावाचा अभ्यास मुळापासून करता येतो. स्वदेशी नलिकेच्या त्या एका ओळीच्या बातमीचे महत्त्व एवढ्यासाठीच.