प्रोसेसर पळवायचा, पण किती व्होल्टवर? तपकिरी चिकटपट्टीपासून २०२४ पर्यंतची गोष्ट

मंडळी, पोस्ट मोठी आहे. घरात कॉम्प्युटरवाला पोरगा किंवा पोरगी असेल तर वाचून घ्या.

गेल्या मे महिन्यात वेल्ह्याकडचा एक डिप्लोमाचा पोरगा आला. (तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण तोंडात वेल्हंच बसलंय.) घरच्या दुधाच्या पैशांतून सेकंडहँड कॉम्प्युटर घेतलेला. व्हिडिओ बघून प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला, म्हणजे कंपनीने ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवला. आता वीस मिनिटांत मशीन आपोआप बंद. म्हणाला, "काका, लाइटचाच प्रॉब्लेम असणार. स्टॅबिलायझर घेऊ का?"

त्याची चूक नाही. उशाला भाटघरचं धरण, तिथं वीजघर, आणि तरी लोडशेडिंगच्या वर्षांत ट्यूब चालू होईना म्हणून कंदील लावलेले आपण लोक. व्होल्टेज म्हटलं की डोळ्यांपुढे मीटरचा खांब येतो. पण प्रोसेसरचं व्होल्टेज वेगळं. भिंतीतले २३० व्होल्ट एसएमपीएसमध्ये १२ वर येतात आणि मदरबोर्डवर त्याचे साधारण सव्वा व्होल्ट होतात. स्टॅबिलायझर पहिल्या आकड्याची काळजी घेतो. पोराने छेडला होता शेवटचा.

हा खेळ जुना आहे. ऑगस्ट १९९८ मध्ये इंटेलने सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्तातला प्रोसेसर काढला. वेग ३०० मेगाहर्ट्झ. बोर्डाच्या ६६ मेगाहर्ट्झला साडेचारने गुणायचं, असं त्याचं गणित. कुणाच्या तरी लक्षात आलं की ६६ चे १०० केले तर हाच माल ४५० वर पळतो. काही बोर्डांवर त्यासाठी प्रोसेसरच्या एका पिनेवर चिकटपट्टीचा तुकडा लावला की काम व्हायचं! त्याच महिन्यात आलेल्या ४५० च्या पेंटियम टूची किंमत चौपटीहून जास्त होती. डीटीपीवाल्यांत आणि सायबर कॅफेवाल्यांत ही चिप गाजली ती उगाच नाही.

हे जमलं कसं? चिपा एकाच पद्धतीने बनतात. कुठली किती वेग सोसते ते तपासून, आणि बाजारात काय खपतं ते बघून, लेबल लागतं. लेबल ३०० चं, माल ४५० चा. यातून लबाडीही झाली. नव्वदच्या दशकात कमी वेगाच्या चिपेवरचा आकडा पुसून मोठा आकडा छापायचे आणि जास्त पैसे घ्यायचे. म्हणून तर कंपन्यांनी गुणक कुलूपबंद केला. आज इंटेलमध्ये तो नावापुढे 'के' असलेल्या चिपांनाच मोकळा असतो आणि बोर्डही तसाच लागतो. एएमडीच्या बहुतेक रायझनला मोकळा असतो.

आता मुद्द्याचं. चिपेतली उष्णता वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. वेग वाढवला की चिप अडखळते, तिला सावरायला व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि तिथंच बिल फुगतं. पोराने ४.२ गिगाहर्ट्झचे ४.६ केले आणि १.२५ व्होल्टचे १.४०. वेग साडेनऊ टक्के वाढला. उष्णता? सदतीस टक्के.

पुण्यात जन्मलेले विनोद धाम, ज्यांना पेंटियमचे जनक म्हणतात, त्यांच्या काळातही हेच. १९९३ चा पहिला पेंटियम ५ व्होल्टवर चालायचा आणि तापायचा. वर्षभरात ३.३ व्होल्टचा आला, तो थंडही होता आणि वेगवानही. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्येच मांडलं होतं की ट्रान्झिस्टर लहान करत व्होल्टेजही उतरवत गेलात तर तेवढ्याच जागेतली उष्णता वाढत नाही. तीस वर्षं उद्योग यावर चालला. मग ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले की बंद असतानाही वीज गळायला लागली आणि व्होल्टेज उतरेना. २००४ मध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम फोर रद्द केला, आणि पुढच्याच वर्षी एका चिपेत दोन कोर आले. एकाला पळवण्यापेक्षा दोघांना चालवा.

पुण्यातले सुपरकॉम्प्युटर हेच करतात. टाटांचा एका नोव्हेंबर २००७ मध्ये जगात चौथा आला तो हजारो प्रोसेसर एकत्र जोडून. पाषाणच्या आयआयटीएममधला २०१८ चा प्रत्यूषही तसाच, पावसाच्या अंदाजासाठी. आपल्या भातलावणीचा अंदाज करायला आणलेलं ते मशीन, आणि त्याची उष्णता पाण्याने बाहेर काढावी लागायची.

मोठ्या कंपन्याही यात ठेचकाळतात. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे महागडे प्रोसेसर ओव्हरक्लॉक न करताही बंद पडायला लागले. २०२४ मध्ये कंपनीने मान्य केलं की चिप स्वतःच गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होती. दुरुस्तीचं अपडेट आलं, वॉरंटी दोन वर्षांनी वाढली. पण ज्या चिपा आतून झिजल्या त्या अपडेटने सुधारत नाहीत.

परत पोराकडे. व्हिडिओतली खोली २२ अंशांची. कूलर चिपेला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, तापमान खोलीच्या वरच मोजायचं. ठरलेल्या सेटिंगला त्याची चिप खोलीपेक्षा ४५ अंश वर असायची, ओव्हरक्लॉकनंतर ६२. व्हिडिओवाल्याकडे ८४ अंश, चालून गेलं. पोराच्या पत्र्याच्या खोलीत दुपारी ३८. बेरीज शंभर. चिपेने स्वतःला वाचवायला मशीन बंद केलं, लाइटचा काही संबंध नव्हता.

करायचंच असेल तर क्रम उलटा ठेवा. आधी कूलरची धूळ काढा, थर्मल पेस्ट नवी लावा, आणि मे महिन्याच्या दुपारी पूर्ण भार देऊन तापमान बघा. डिसेंबरात बघितलेलं धरू नका. मग व्होल्टेजला हात न लावता गुणक एकेक पायरी चढवा आणि प्रत्येक पायरीला तास-दोन तास प्राइम९५ सारखी चाचणी चालवा. अडखळलं तर एक पायरी खाली या. व्होल्टेज 'ऑटो'वर सोडू नका, बोर्ड सढळ हाताने देतो. पूर्ण भारावर ८५ च्या वर गेलं की थांबा. वॉरंटी जाऊ शकते हेही धरून चाला. लॅपटॉपला तर हे करूच नका. आणि वेल्ह्याच्या पावसाळ्यात बर्फाचे प्रयोग नकोत, गार धातूवर दव धरतं आणि बोर्ड जातो.

मशीन बंद पडलं तर उलट बरं. कडेला ढकललेला प्रोसेसर कधी बंद न पडता चुकीचं उत्तर देतो. गेममध्ये एक ठिपका चुकेल. पण त्याच मशीनवर डेअरीचा हिशोब असेल तर?

पोराच्या हिशोबाची फाइल आधी पेनड्राइव्हवर घेतली. कूलरमधून बोटभर धूळ निघाली. वेग मूळच्या ४.२ वर आणला आणि व्होल्टेज वाढवायच्या ऐवजी १.२० पर्यंत उतरवलं, रात्रभर चाचणी चालवली, टिकलं. आता भर दुपारी ७५ च्या आसपास असतं. गेम कसा पळतो ते त्यालाच विचारा, मला त्यातलं कळत नाही.